केरूनाना गमरे यांची हरकत

कोंडसड्याच्या बौद्धवाडीत केरूनाना गमऱ्यांना कुणी आंधळा म्हणत नसे. ऑपरेटर म्हणत. "ऑपरेटर हायत का घरात?" असं विचारतच माणूस खळ्यात पाऊल टाकायचा. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत नानांनी एकवीस वर्षं टेलिफोनचा बोर्ड सांभाळला होता, आणि नोकरी संपली तरी ते नाव अंगाला चिकटून राहिलं होतं.

डोळे गेले ते सहाव्या वर्षी. गोवर आला, अंगात मुरला, आणि उतरला तेव्हा पोराला दारातलं ऊन तेवढं कळत होतं. पुढे तेही कळेनासं झालं. वडील रामा गमरे मुंबईत गोदीवर कामाला होते. पोराचं आयुष्य भिंतीला टेकून जायचं नसेल तर त्याला शिकवला पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. ते एस.टी.नं गावी आले आणि परत जाताना केरूला घेऊन गेले. अंध मुलांच्या शाळेत तो ब्रेल शिकला, खुर्च्या विणायला शिकला, आणि शेवटी त्यानं टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला. एकोणीसशे एकोणनव्वदला अलोऱ्याची ऑर्डर हातात पडली.

त्या बोर्डावर लाइन आली की त्या नंबरचं छोटं झाकण टपकन खाली पडायचं. दुसऱ्या ऑपरेटरला ते डोळ्यांनी शोधावं लागे. नानांचा हात सरळ त्या झाकणावर जाई. वसाहतीतले दोनशे चाळीस नंबर त्यांना पाठ होते. कुठल्या साहेबानं रिसीव्हर कसा उचलला यावरून आज त्याच्याशी कुणाला जोडून द्यायचं आणि कुणाला थोडं थांबवायचं, हेही त्यांना समजे. कामाबद्दल त्यांचा एकच नियम होता. ज्याचं बोलणं त्यानं बोलावं. ऑपरेटरनं फक्त जोडून द्यावं. "साहेबांना एवढं सांगून ठेवा," असं कुणी म्हणालं तर नाना म्हणत, "थांबा, लाइन देतो. तुम्हीच सांगा."

मोबाईल आले, बोर्ड बंद पडला. नानांना चिपळूणच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथून दोन हजार तेवीस साली ते निवृत्त झाले आणि बायकोबरोबर गावी परतले. बायको गंगा गुहागरकडची, चौथीपर्यंत शिकलेली. मुलगी दर्शना लग्न होऊन नालासोपाऱ्याला होती. तिनं बापाला एक चांगला फोन आणून दिला आणि त्यातलं टॉकबॅक चालू करून दिलं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोनमधली बाई बोलून दाखवायची. महिनाभरात नाना त्यावर बातम्या, बँक, विजेचं बिल असं सगळं करू लागले. बाईचा आवाज त्यांनी इतका वेगात ठेवला होता की गंगाबाईंना ती बडबड भांडं घासल्यासारखी वाटे.

"काय कळतं तरी का तुमाला त्यातलं?" त्या विचारत.

"दोन बोलणी एकावर एक आली तरी मी वेगळी करायचो गं," नाना म्हणत. "ही तर एकटीच हाय."

दरम्यान कोंडसड्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली होती. बाजारपेठेच्या टोकाला नवी इमारत झाली, आत टाइल्स, बाहेर पाटी. दाखले, परवाने, तक्रारी, सगळं ऑनलाइन झालं आणि अर्ज घ्यायच्या खिडकीला फळी लागली. लोकांना ते बरं वाटलं. मुंबईला असलेल्या माणसाला तिथं बसून घरपट्टीचा उतारा मिळू लागला होता.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टात वाडीत बातमी आली की पाखाडी मोडणार. पाखाडी म्हणजे वाडीतून खालच्या रस्त्यावर उतरणारी, दोन दगडी गडग्यांमधली जांभ्या चिऱ्यांची वाट. एकशे बारा पायऱ्या, तीन वळणं. आता तिथं काँक्रीटचा उतार होणार होता आणि रिक्षा थेट वाडीत येणार होती. वाडी खूश होती. आजारी माणसाला डोलीत घालून खाली न्यायचे दिवस संपणार होते. नानाही त्याच्या विरोधात नव्हते. पण ती पाखाडी ते दिवसातून दोनदा उतरत आणि चढत, काठी बगलेत मारून, कारण प्रत्येक चिरा त्यांच्या पायाला ओळखीचा होता. उतारावर पायाला धरायला काही नसतं. पावसात शेवाळ धरलं की डोळस माणूसही घसरतो. एका कडेनं अरुंद का होईना पायऱ्या ठेवाव्यात आणि धरायला कठडा द्यावा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

नोटीस निघाली होती. हरकती आणि सूचना तीस दिवसांच्या आत नगरपंचायतीच्या संकेतस्थळावर नोंदवाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे तसं म्हटलंय, हे त्यांना शेजारच्या धाकूनं सांगितलं. नानांनी फोन उघडला, संकेतस्थळ शोधलं आणि बोट फिरवायला सुरुवात केली.

"चित्र," बाई म्हणाली. पुढे सरकले. "चित्र. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. दुवा, इथे क्लिक करा. दुवा, इथे क्लिक करा. दुवा, इथे क्लिक करा."

कुठला दुवा कशाचा, काही पत्ता नाही. नानांनी एकेक उघडून पाहिला. एकात कुठल्याशा उद्घाटनाचे फोटो असावेत, एकात निविदा, एकात रिकामं पान. बाराव्या दुव्यात नोटीस सापडली. ती कागदाचा फोटो काढून तशीच्या तशी चढवलेली होती. बाईनं तिचा एकच शब्द वाचला. "चित्र."

त्यांनी गंगाबाईंना बोलावलं. गंगाबाई चष्मा लावून, जोडाक्षरावर अडत, ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. "प्र... प्रस्... प्रस्तावित. पा-खा-डी क्रमांक सात." पाऊण तासात नोटीस वाचून झाली. मग अर्ज. नाव, पत्ता, मोबाईल, हरकत हे सगळं नानांनी बोलून भरलं. शेवटी एक चौकट आली. चित्रातली अक्षरं जशीच्या तशी लिहा. बाई पुन्हा म्हणाली, "चित्र."

गंगाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अवो, इंग्लिश हाय. वाकडंतिकडं. त्यावर रेघा मारल्यानी. मना नाय वाचता येत."

धाकू कामावर गेला होता. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी पाखाडी उतरून नगरपंचायतीत गेले.

कचेरीत संगणकाचं काम बघायला सानिका नावाची मुलगी होती. मिरकरवाड्याची, तिशीच्या आतली, कंत्राटावर नेमलेली. तिनं नानांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, त्यात काय एवढं? द्या फोन इकडे. मी दोन मिनिटांत भरून देते."

"भरून देशील, ते खरं," नाना म्हणाले. "पण मला भरायचाय."

"पण भरला गेल्याशी मतलब ना?"

"आज तू आहेस. उद्या दुसरं कुणी असेल. त्याला मी काय सांगतोय ते पटलं नाही, आणि त्यानं वेगळंच लिहिलं, तर मला कसं कळणार?"

सानिकाला यात आपल्यावर अविश्वास दिसला आणि ती जरा दुखावली. "मग कागदावर अर्ज द्या," ती म्हणाली. "पण खिडकी बंद आहे. टपाल घेतात त्या आवकच्या टेबलावर विचारा."

नाना घरी आले. दर्शनाला फोन करता आला असता. तिनं तिकडून पाच मिनिटांत अर्ज भरला असता. गंगाबाईंनी तसं सुचवूनही पाहिलं. नाना गुडघ्यावर बोटं वाजवत बसले. ते असे बसले की त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं, हे गंगाबाईंना बत्तीस वर्षांत कळलं होतं. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि त्या मागच्या दारी गेल्या.

शाळेतली ब्रेल पाटी नानांनी टाकली नव्हती. जाड कागद मात्र नव्हता. दर्शनाच्या लग्नपत्रिकेची उरलेली पाकिटं गंगाबाईंनी उघडून सपाट करून दिली. त्यावर टोचणीनं एकेक टिंब पाडत नानांनी हरकत लिहिली. चार पानं झाली.

हरकती घ्यायच्या शेवटच्या दिवशी ते आवकच्या टेबलापाशी उभे राहिले. तिथं संदेश पाष्टे नावाचे जुने कारकून होते, ग्रामपंचायतीच्या काळापासूनचे. त्यांनी कागद हातात घेतला, उलटला, पुन्हा उलटला.

"नाना, हा कोरा हाय."

"कोरा नाही. हात फिरवा."

संदेशरावांनी हात फिरवला. "हा काय प्रकार?"

"हरकत आहे. पाखाडी क्रमांक सात. पोच द्या."

"अहो, पण यात काय लिवलंय ते वाचणार कोण? मी कसं घेऊ असं?"

"तुमची नोटीस मला वाचता येत नाही. माझा अर्ज तुम्हाला वाचता येत नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चौकशीच्या खिडकीवर ज्या आवाजात ते साहेबांची भेटायची वेळ सांगत, त्याच आवाजात ते बोलत होते. "तुमची नोटीस मी नोटीस धरली. तुम्ही माझा अर्ज अर्ज धरा. शिक्का मारा."

मागे पाचसहा माणसं जमली होती. कुणीतरी हसलं. संदेशरावांना कागदाची वरची बाजू कुठली तेही कळेना. शिक्का हातात धरूनच ते आत मुख्याधिकारी मॅडमना विचारायला गेले. मॅडम बाहेर आल्या. त्यांची नोकरी नवीन होती, कोंडसडा हे त्यांचं पहिलंच गाव. त्यांनी कागद पाहिला, नानांकडे पाहिलं.

"वाचून दाखवता का?" त्या म्हणाल्या.

नानांनी तिथंच उभ्यानं, बोटांनी वाचून दाखवलं. पाखाडी रुंद करण्याला माझा विरोध नाही. एका कडेला दोन हात रुंदीच्या पायऱ्या ठेवाव्यात. वरून खालपर्यंत कठडा असावा. वळणावर पायाला कळेल अशी खडबडीत फरशी असावी. पुढचे दोन परिच्छेद पाखाडीचे नव्हतेच. ही हरकत मला संकेतस्थळावर का नोंदवता आली नाही, याची ती कहाणी होती. कुठलं बटण, कुठला दुवा, कुठलं चित्र, सगळं क्रमानं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की दोन हजार सोळाच्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी संकेतस्थळ मला वापरता येण्यासारखं असायला हवं, आणि ते तसं नाही.

सानिका दारात उभी राहून ऐकत होती.

"टाइप करून घे," मॅडम तिला म्हणाल्या. "आणि संदेशराव, पोच द्या." मग नानांना म्हणाल्या, "साइटमध्ये काय काय अडतं, ते तुम्ही बसून आम्हाला दाखवाल का?"

"दाखवतो," नाना म्हणाले. "शिक्का मारला का?"

शिक्का पडल्याचा आवाज झाला.

पाखाडीचं काय झालं ते सांगून टाकतो. हरकत इतिवृत्तात आली, सभेत वाचली गेली आणि अर्धी मान्य झाली. दिवाळीनंतर काम निघालं. पायऱ्या राहिल्या नाहीत. कठडा आला, पण दुसऱ्या वळणापर्यंतच. खालच्या टप्प्याला नाना काठी काढू लागले. रिक्षा वाडीत आली, आणि आजारी माणसांची सोय झाली, हेही खरं.

साइटचं काम मात्र लांबलं. दर शुक्रवारी दुपारी नाना कचेरीत येऊन सानिकाच्या शेजारी बसू लागले. पहिल्या शुक्रवारी तिनं वही उघडली आणि म्हणाली, "सांगा काका, काय काय बदलायचं?"

"आधी डोळे मिट," नाना म्हणाले. त्यांनी तिच्या फोनवर टॉकबॅक चालू केलं. "आता मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज शोध."

सानिकानं ते गमतीत घेतलं. दोन मिनिटांनी तिचं हसू गेलं. बोट जरा सरकलं की दुसरंच काहीतरी उघडे, आणि आपण कुठे आहोत हे तिला कळेना. दहा मिनिटांनी तिनं डोळे उघडले. अर्ज सापडला नव्हता.

"हे मीच चढवलंय सगळं," ती म्हणाली. "ही बटणं मीच टाकलीत. नाव द्यायची चौकट होती तिथं. मी रिकामी सोडली. कुणाला लागते, म्हटलं."

नानांनी तिला बोल लावला नाही. समजूतही घातली नाही. "पहिलं बटण कशाचं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं आणि त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं.

बटणांना नावं देणं सानिकाच्या हातात होतं. ते तिनं तीन आठवड्यांत संपवलं. 'इथे क्लिक करा' जाऊन तिथं 'मालमत्ता उतारा', 'नळजोडणी अर्ज' असे दुवे आले. नोटिशींचं जड गेलं. सहीशिक्क्याचा कागद तसाच चढवायचा अशी पद्धत होती, आणि पद्धत मोडायला कुणी तयार नव्हतं. अखेर कागदाचा फोटो राहू द्यायचा आणि त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करून टाकायचा, असं ठरलं. हे काम सानिकाच्याच गळ्यात पडलं. ती रोज एक नोटीस टाइप करी.

शेवटी उरली ती वाकड्या अक्षरांची चौकट. ती साइट बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या ताब्यात होती. सानिकानं फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्या माणसाला गाठलं.

"मॅडम, आमच्या बाजूनं साइट व्यवस्थित चालतेय," तो म्हणाला.

"माझ्या बाजूनं चालत नाही," नाना म्हणाले. "मी तुमच्या बाजूला नाही ना."

चौकट काढली तर यंत्रं हजारो खोटे अर्ज भरतील, तेव्हा तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावंच लागेल, असं त्यानं समजावलं. "काय ठेवू, तुम्हीच सांगा सर."

नानांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "अर्ज भरणाऱ्याला फोन करा. फोनवर चार आकडे बोलून सांगा. ते आकडे त्यानं भरावेत. फोन काय, सगळ्यांकडे असतो."

उन्हाळा लागायच्या सुमारास तसं झालं. नानांनी घरी बसून, कुणाच्याही मदतीशिवाय, घरपट्टीचा उतारा मागवून पाहिला. फोन वाजला, एका बाईनं आकडे सांगितले, त्यांनी ते भरले. "अर्ज स्वीकारला आहे," फोनमधली बाई म्हणाली. नानांनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. वाडीत बातमी गेली. चिपळूणहून दोन अंध ओळखीच्यांचे फोन आले. ऑपरेटरनं नगरपंचायत सुधारली, असं लोक म्हणू लागले, आणि नानांना ते आवडत होतं. गंगाबाईंच्या ते लक्षात येत होतं.

जूनमध्ये एका दुपारी खळ्यात कुणाचा तरी तावातावाचा आवाज आला. "ऑपरेटर कोण? कुठं हाय ऑपरेटर?"

आवाज मोठा होता, पण त्याला चढउतार नव्हता. विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. गंगाबाई बाहेर आल्या. जानू भुवड होता. स्टँडजवळ त्याचं शिवणाचं छोटं दुकान होतं. चौदाव्या वर्षी मेंदूत ताप गेला आणि त्याचे कान गेले. तोवर तो बोलायला, लिहायला शिकलेला होता, म्हणून बोलणं राहिलं. ऐकणं पूर्ण गेलं.

"मी आहे ऑपरेटर. बसा," नाना म्हणाले.

जानू त्यांच्याकडे बघत बोलतच राहिला. दुकानाच्या परवान्याची मुदत संपत आली होती. गेल्या वर्षी त्यानं अर्ज आपला आपण भरला होता. चित्रातली अक्षरं वाचली, लिहिली, झालं. यंदा ती अक्षरं गेली आणि फोन येतो. फोन थरथरतो, तो उचलतो, पण आकडे ऐकणार कोण? सहा वेळा अर्ज केला. एकदा गिऱ्हाइकाच्या हातात फोन दिला. त्यानं ऐकून बोटांवर आकडे दाखवले, तोवर वेळ संपली. कचेरीत गेला तर म्हणतात, हे ऑपरेटरनी करून घेतलंय.

"चांगलं चाललं होतं माझं!" जानू ओरडला. "कुणी सांगितलं होतं तुमाला?"

"चुकलंच माझं," नाना म्हणाले.

जानूला ते ऐकू गेलं नाही. "बोला ना! गप का?"

"अहो, चुकलं म्हणतोय मी," नाना मोठ्यानं म्हणाले आणि मोठ्यानं म्हणून उपयोग नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. एकवीस वर्षं त्यांनी माणसं जोडून दिली होती. समोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यांना स्वतःला पोचता येत नव्हतं. जानूला कळत होतं की समोरचा माणूस ओठ हलवतोय, पण तो चेहरा दुसरीकडे करून बोलत होता, त्यामुळे ओठही धड दिसत नव्हते.

गंगाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चुकल मनतात.' आणि जानूपुढे धरलं.

जानूनं ते वाचलं. त्याचा आवेश ओसरला. तो ओट्यावर बसला.

नानांनी फोन काढला. संदेश बोलून लिहायची सोय त्यात होती. दर्शनाला ते तसेच निरोप पाठवत. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, चार वाक्यं बोलले आणि पडदा जानूकडे केला. जानूनं वाचलं आणि एकदम हसायला लागला. 'भुवड' म्हटलेलं फोननं 'भोपळा' लिहिलं होतं. नमस्कार जानू भोपळा, माझी चूक झाली, मी माझ्यापुरताच विचार केला, उद्या आपण दोघे कचेरीत जाऊ.

काय झालं ते गंगाबाईंनी नानांना वाचून सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. तासभर दोघं बसले होते. जानू बोले, नाना ऐकत. नाना फोनला सांगत, जानू वाचे. गंगाबाईंनी दोनदा चहा केला. जानू गेल्यावरही नाना बराच वेळ ओट्यावरच होते.

"येवढं काय लावून घेताव?" गंगाबाई म्हणाल्या. "तुमाला काय म्हायती होतं?"

"सानिकाला मी डोळे मिटायला लावले," नाना म्हणाले. "मला कुणी कान मिटायला सांगितले नाहीत. मी आपण होऊन तरी मिटायचे होते."

दुसऱ्या दिवशी ते दोघं कचेरीत गेले. सानिकानं जानूचा अर्ज त्याच्या समोर, त्याच्या संमतीनं भरून दिला, कारण मुदत तीन दिवसांवर आली होती. या वेळी नानांनी हरकत घेतली नाही. मग कंत्राटदाराच्या माणसाला पुन्हा फोन झाला. आकडे संदेशानंही यावेत आणि फोननंही, ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं, एवढीच मागणी होती. माणूस म्हणाला, "सर, गेल्या वेळी तुम्हीच तर..."

"हो, मीच," नाना म्हणाले. "मला एकट्याला विचारलंत, तीही चूकच होती. या वेळी चौघांना विचारा."

चार महिने लागले. मधे मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हा नाना बोलायचे आणि जानू आपला सहा वेळा नाकारलेला अर्ज टेबलावर ठेवायचा. साहेबांना एकाच्या तोंडाकडे आणि दुसऱ्याच्या कागदाकडे आळीपाळीनं बघावं लागे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ती सोय झाली. मुख्य पानाच्या तळाशी सानिकानं एक ओळ टाकली. हे संकेतस्थळ वापरताना अडचण आल्यास फोन करा, संदेश पाठवा, पत्र लिहा किंवा येऊन भेटा. 'पत्र ब्रेलमध्ये चालेल' असंही तिला टाकायचं होतं. वाचणार कोण, असं साहेबांनी विचारलं. "गमरे काका शिकवतायत मला," ती म्हणाली. तिला तेव्हा पंधरावीस अक्षरं येत होती. साहेबांनी ते टाकू दिलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नोटिशींचा मजकूर कधी टाइप होतो, कधी राहून जातो. राहिला की नाना फोन करतात आणि जानू संदेश पाठवतो. दोघांचे एकाच दिवशी आले तर सानिका आधी जानूला उत्तर देते, कारण ते लवकर होतं. नानांचा फोन पाव तास चालतो.

नानांनी साइटवर नोंदवलेली पहिली तक्रार या वर्षीच्या जानेवारीतली आहे. नव्या उताराच्या दुसऱ्या वळणावरचा दिवा गेला होता. तक्रार पाहून कचेरीतून खात्री करायला फोन आला. नव्यानं लागलेला कुणीतरी होता.

"गमरे आजोबा, तुमच्या नावापुढे दृष्टिहीन असं लिहिलंय. मग दिवा बंद आहे ते तुम्हाला कसं कळलं?"

"संध्याकाळी माझ्यामागून येणारी माणसं तिथं चाचपडायला लागली," नाना म्हणाले. "दोन दिवस ऐकलं. मग तक्रार केली."

मग त्या माणसानं खांबाचा नंबर विचारला. तो नानांना माहीत नव्हता. त्यांनी गंगाबाईंना हाक मारली. त्या उताराकडे गेल्या, नंबर वाचून आल्या आणि स्वतःच फोनवर सांगितला. दिवा अकराव्या दिवशी लागला.